चेंडू लागला, गडी बाद

२१ एप्रिल १९५७ रोजी मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियममध्ये, बेसबॉल सामन्याच्या पहिल्याच इनिंगला, एका रनरने प्रतिस्पर्ध्यांकडे निघालेला चेंडू वाटेतच उचलला आणि स्वतःच्या हाताने त्यांना देऊन टाकला. सिनसिनाटीचा डॉन होक दुसऱ्या बेसवर होता, गस बेल पहिल्यावर. वॉली पोस्टने मारलेला चेंडू जमिनीवरून उसळ्या घेत शॉर्टस्टॉप जॉनी लोगनकडे निघाला. असा टोला म्हणजे बचाव करणाऱ्या संघाला डबल प्लेची आयती संधी: लोगनने चेंडू उचलायचा, दुसऱ्या बेसवर एक गडी टिपायचा आणि तिथून पहिल्या बेसवर दुसरा. पण तिसऱ्या बेसकडे धावणारा होक मध्येच वाकला, उघड्या हाताने चेंडू उचलला आणि लोगनकडे टाकला.

अंपायरने होकला बाद दिलं. त्या वेळच्या नियमात त्याहून जास्त काही करायची सोयच नव्हती. टोलवलेला चेंडू रनरला लागला की चेंडू तिथल्या तिथे डेड, रनर बाद, फटका मारणारा पहिल्या बेसवर. त्याला जागा करून देण्यासाठी बेल दुसऱ्या बेसवर गेला. दोन गडी जायचे तिथे एकच गेला, वर पोस्टच्या नावावर स्कोअरबुकात सिंगल जमा झाली! आदल्याच दिवशी होकच्याच संघातल्या जॉनी टेम्पलने बेलचा टोला अंगावर घेतला होता आणि निकाल हाच लागला होता. सिनसिनाटीने रविवारचा तो सामना १-३ असा गमावला हे वेगळं. पण नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन गाइल्स आणि अमेरिकन लीगचे विल हॅरिज यांनी काही दिवसांतच एकत्र येऊन जाहीर केलं की, डबल प्ले मोडण्यासाठी रनर मुद्दाम चेंडूच्या आड आला तर रनरबरोबर फटका मारणाराही बाद.

या प्रसंगावरून एका मामा-भाचीची चांगलीच जुंपली, तीही ६७ वर्षांनी. मामा मुंबईचे. क्रिकेटच्या कांगा लीगमधल्या पावसाळी चिखलात त्यांनी कित्येक वर्षं अंपायरिंग केलेलं. भाची शिकागोच्या एका उपनगरात राहते आणि शनिवार-रविवारी मुलांच्या बेसबॉल सामन्यांत स्कोअर लिहिते. मामा उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आले होते, आणि जेवणानंतर टीव्हीवर सामना बघणं हे दोघांचं ठरून गेलेलं.

"होक हुशार होता, लबाड नव्हता," मामांनी सुरुवात केली. "नियमात भोक होतं, त्याने बोट घातलं. मला राग त्याचा नाही. तुमच्या मूळ नियमाचा आहे."

"मूळ नियमात काय वाईट आहे?"

"बिचारा रनर धावतोय. मागून गोळीसारखा टोला येतो आणि पोटरीला लागतो. त्यात त्याचा काय दोष? तरी तो बाद! आम्ही गड्याला मैदानात अडथळा आणल्याबद्दल बाद देतो ना, तेव्हा आधी बघतो की त्याने जाणूनबुजून केलं का. हेतू नसेल तर तो आपला जागेवर."

"मामा, तू चेंडू लागण्याला गुन्हा समजतोयस. इथे तो गुन्हा नाही, हिशेब आहे." भाचीने उशी मांडीवर घेतली, म्हणजे आता लांबण लागणार. "टोला फेअर हद्दीत आहे. त्याला अजून कोणा इनफिल्डरचा, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाचा, हात लागलेला नाही, तो कोणाला ओलांडूनही गेलेला नाही. म्हणजे बचाव करणाऱ्यांची पाळी अजून यायचीय. अशा वेळी चेंडू रनरला थडकला तर ती पाळी कायमची गेली. ती त्यांना परत कशी देणार? एक गडी बाद देऊन. रनर सज्जन आहे की डांबरट, याने हिशेब बदलत नाही."

"आणि इनफिल्डरला ओलांडून गेल्यावर लागला तर?"

"तर खेळ चालू. फर्स्ट बेसमनच्या पायांमधून चेंडू गेला आणि लगेच त्याच्या मागच्या रनरला लागला, तर रनर बाद नाही. बचाव करणाऱ्याला संधी मिळाली होती, त्याने ती घालवली. फिल्डरला लागून उडालेला चेंडू रनरला लागला तरीही तो बाद नाही. मात्र तिथून त्याने मुद्दाम लाथ मारली तर गेला."

इथे भाचीने एक पोटकलम सांगितलं नाही, पण मामांनी ते तिच्याकडून काढून घेतलंच. पहिला इनफिल्डर चुकला, तरी त्याच्या मागे दुसऱ्या एखाद्याला चेंडू अडवायची संधी होती असं अंपायरला वाटलं, तर रनर बाद ठरतो. पिचरचा हिशेब आणखी निराळा. चेंडू पिचरच्या बाजूने न शिवता निघून गेला आणि पुढे रनरला लागला तर रनर बाद. पण पिचरच्या हातमोज्याला निसटता जरी लागला असेल, तर रनर सुटला. कारण पिचर चेंडू फेकून तोल सावरत असतो, आणि त्याच्या मागे चार जण वाट बघत उभे असतात.

"म्हणजे तुमचे अंपायर रनरचं मन वाचत नाहीत, पण भविष्य वाचतात," मामा म्हणाले. "चेंडू पुढे कोणी अडवला असता, हे त्यांना कळतं!"

"कोण कुठे उभा आहे हे डोळ्यांना दिसतं. मनात काय आहे ते नाही दिसत."

भाचीचं हे उत्तर जितकं चटकदार आहे तितकं निर्विवाद नाही. कोण कुठे उभा आहे हे दिसतं, पण तो चेंडूपर्यंत पोचला असता की नाही हा अंदाजच. २०२३ पासून मेजर लीगने चारही इनफिल्डरना मातीच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेच्या आत, दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असं उभं राहायला लावलं आहे. त्याआधी एखादा इनफिल्डर उजवीकडच्या गवतात खोल जाऊन उभा राहायचा, तेव्हा पहिल्या बेसवरून निघालेल्या रनरच्या मागे कोणाची संधी शिल्लक आहे हे ठरवणं आणखी अवघड जात असावं.

मामांच्या पोतडीत क्रिकेटचा दाखला तयार होता. जून २०२२, हेडिंग्लीची कसोटी. जॅक लीचच्या चेंडूवर न्यूझीलंडच्या हेन्री निकल्सने सरळ फटका मारला. तो नॉन-स्ट्रायकर डॅरिल मिचेलच्या बॅटला लागून उडाला आणि मिड-ऑफला अॅलेक्स लीसच्या हातात झेल गेला. निकल्स १९ वर बाद.

"मिचेलला कोणी बोल लावला? चेंडू लागला, खेळ चालू राहिला. निकल्सचं नशीब फुटकं, बस्स."

"म्हणजे आड आला एक आणि बाद झाला दुसरा. आणि आमचा नियम अन्यायाचा?"

मामा हसले. "नशिबाला अन्याय म्हणत नाहीत."

"मग रनरच्या पोटरीला लागलेला चेंडूही नशीबच म्हण ना."

या टप्प्यावर मामांना माघार घ्यावी लागणार असं वाटत होतं. पण भाचीनेच त्यांच्या हाती कोलीत दिलं. तिने सहज सांगितलं की हा सगळा कडकपणा टोलवलेल्या चेंडूपुरता आहे. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू रनरला चुकून लागला तर तो बाद होत नाही. तिथे हेतू बघितला जातो. आणि मग तिला रेजी जॅक्सनची गोष्ट सांगावीच लागली.

१४ ऑक्टोबर १९७८, यांकी स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना. लॉस एंजेलिस डॉजर्स मालिकेत २-१ ने पुढे, आणि या सामन्यात सहाव्या इनिंगला ३-१ ने. एक गडी बाद, थर्मन मन्सन दुसऱ्या बेसवर, जॅक्सन पहिल्यावर. लू पिनिएलाचा खालून आलेला टोला शॉर्टस्टॉप बिल रसेलच्या हातातून सुटला. रसेलने तो उचलून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, जॅक्सन बाद झाला, आणि डबल प्ले पूर्ण करायला त्याने चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. जॅक्सन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये थबकून उभा होता. फेक त्याच्या उजव्या कुल्ल्यावर आदळून भलतीकडे गेली आणि मन्सन धाव घेऊन घरी पोचला. डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांनी आकांडतांडव केलं. त्यांचं म्हणणं, जॅक्सनने कुल्ला मुद्दाम पुढे केला. पहिल्या बेसवरचे अंपायर फ्रँक पुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तसं वाटलं नाही. हेतू मानला असता तर पिनिएला बाद, इनिंग संपली आणि गुणफलक ३-१ वरच थांबला असता. न्यूयॉर्क यांकीजने तो सामना दहाव्या इनिंगला ४-३ असा जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत आणली आणि पुढचे दोन्ही सामने जिंकून चषक उचलला.

"वा, वा!" मामा सरसावून बसले. "फेक लागली तर मन वाचता येतं, टोला लागला तर येत नाही. हा कुठला न्याय?"

"आणि मन वाचायला गेल्यावर काय झालं ते बघ. ते चित्रीकरण बघणारे आजही भांडतात."

"भांडू देत. आमच्याकडेही २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गप्टिलची फेक डाइव्ह मारणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला लागली, चेंडू सीमापार गेला, इंग्लंडला सहा धावा मिळाल्या. तीन चेंडूंत नऊ हव्या होत्या, त्या दोन चेंडूंत तीन झाल्या. पण स्टोक्सने मुद्दाम केलं असं न्यूझीलंडच्या एकाही खेळाडूने म्हटलं नाही. त्या सहाच्या पाच व्हायला हव्या होत्या की नाही यावर वाद झाला, स्टोक्सवर नाही. हेतू नसला की तोही डोळ्यांना दिसतो, अगं."

"आणि परवाचा जडेजा?"

बारा मे २०२४ ला चेपॉकवर चेन्नई आणि राजस्थान यांच्यातल्या आयपीएल सामन्यात, नॉन-स्ट्रायकरच्या टोकाकडे परत धावणाऱ्या रवींद्र जडेजाला संजू सॅमसनची फेक लागली आणि तिसऱ्या पंचाने त्याला मैदानात अडथळा आणल्याबद्दल बाद ठरवलं. फेक यष्ट्यांच्या रेषेत होती आणि जडेजाने धावण्याची दिशा बदलली, हे कारण.

"पाठमोऱ्या माणसाने दिशा बदलली ती फेक अडवायला, की जवळची वाट धरायला? हे कॅमेऱ्याला कळलं?" भाचीने विचारलं. "शेवटी तुम्हीही पायांवरूनच ठरवता. मनाचं नाव घेता आणि पाय मोजता."

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही. पण टोला आणि फेक यांत फरक का, हा त्यांचा प्रश्न उरलाच होता आणि तो रास्त होता. भाचीने त्याचं दिलेलं उत्तर या वादातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. फेकणाऱ्याला समोर रनर दिसत असतो. कधी, कुठून, कोणत्या कोनातून फेकायचं हे त्याच्या हातात असतं. दोन पावलं बाजूला सरकून तो वाट मोकळी करून घेऊ शकतो. टोल्याच्या बाबतीत बचाव करणाऱ्याने अजून काहीच निवडलेलं नसतं. चेंडू कुठे जाणार हे बॅटने ठरवलं, आणि तो रनरला थडकला तर क्षेत्ररक्षकाची काहीच चूक नसताना संधी गेली. रनरला मात्र चेंडू चुकवायचं स्वातंत्र्य आहे. तो थांबू शकतो, वेग वाढवू शकतो, उडी मारू शकतो. शॉर्टस्टॉपच्या अगदी समोरून जायचं आणि ऐन क्षणी चेंडूवरून उडी मारून त्याची नजर चुकवायची, ही तर रनरची जुनी कला. जमली तर संघाचा फायदा, चेंडू बुटाला घासला तर बाद. एवढा धोका त्याने पत्करायलाच हवा.

त्या धोक्याभोवती खेळाडूंनी बारीकसारीक सवयीही लावून घेतल्या आहेत. तिसऱ्या बेसवरचा रनर घराकडे दोन-चार पावलं पुढे सरकतो तेव्हा तो रेषेच्या बाहेर, फाउल हद्दीत असतो. तिथे टोला लागला तर तो नुसता फाउल. गडी जात नाही. परत बेसकडे येताना मात्र तो रेषेच्या आतून येतो, म्हणजे त्याला टिपायला कॅचरने केलेल्या फेकीच्या वाटेत त्याची पाठ येते. जाताना टोल्याचा नियम, येताना फेकीचा! हे ऐकून मामा इतके खूश झाले की पुढच्या दोन इनिंग त्यांनी फक्त तिसऱ्या बेसकडेच पाहिलं.

अंपायरलाही या नियमातून सुटका नाही. दुसऱ्या बेसजवळ, इनफिल्डरच्या पुढे उभ्या असलेल्या अंपायरला टोला लागला तर चेंडू डेड, फटका मारणाऱ्याला पहिला बेस, आणि ज्यांना पुढे सरकणं भाग आहे तेवढेच रनर सरकणार. तिसऱ्या बेसवर एकटा असलेला रनर घरी पोचला असला तरी त्याला परत जावं लागतं. "अंपायरला बाद देता येत नाही म्हणून," असं मामा म्हणाले. "नाहीतर तुम्ही तेही केलं असतंत."

स्कोअरबुकातली गंमत तर स्कोअर लिहिणाऱ्यांनाच कळावी. रनरला चेंडू लागून तो बाद झाला तरी फटका मारणाऱ्याला सिंगल मिळते, आणि बाद केल्याचं श्रेय चेंडूच्या सर्वांत जवळ असलेल्या क्षेत्ररक्षकाला जातं, त्याने बोटही हलवलेलं नसलं तरी. एकाच टोल्यावर दोन रनरना चेंडू लागला तर पहिलाच बाद, कारण त्याला लागताक्षणीच चेंडू डेड झालेला असतो. होकच्या वेळी सिंगलचा हा नियमच संघाच्या पथ्यावर पडला होता. गाइल्स आणि हॅरिज यांनी तो नियम सरसकट न बदलता फक्त मुद्दाम आणलेल्या अडथळ्याला दुसऱ्या गड्याची शिक्षा जोडली. एका गड्यासाठी हेतू बघायचा नाही, दुसऱ्यासाठी बघायचा. मामा आणि भाची दोघांच्याही बाजूचं थोडं थोडं त्यात आहे. १९५७ ची ही दुरुस्ती बेसबॉलच्या नियमपुस्तकातल्या शहाण्या दुरुस्त्यांपैकी एक मानायला हवी.

वाद खरा पेटला तो त्याच वर्षीच्या २३ मेच्या सामन्यावरून. शिकागो व्हाइट सॉक्स घरच्या मैदानावर बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध ६-८ असे मागे. शेवटची, नववी इनिंग, एक गडी बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. अँड्र्यू बेनिंटेंडीचा टोला सरळ वर गेला. अंपायरने 'इनफिल्ड फ्लाय' पुकारला, म्हणजे झेल घेतला जावो न जावो, फटका मारणारा बाद. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला, कारण असा सोपा झेल मुद्दाम सोडून क्षेत्ररक्षक दोन-दोन रनर टिपायचे. टोला हवेत असताना दुसऱ्या बेसकडे परतणारा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसनने झेल घेतला. पण तिसऱ्या बेसवरचे अंपायर ज्युनियर व्हॅलेंटाइन यांनी अडथळा दिला: व्हॉनही बाद, तीन गडी पूर्ण, सामना खलास.

"झेल घेतला गेला!" मामांचा आवाज चढला. "फटका मारणारा आधीच बाद. कोणाची कसली संधी हुकली? तुझा हिशेब कुठे गेला?"

भाचीला हे अवघड गेलं. चेंडू पकडायला निघालेल्या क्षेत्ररक्षकाला वाट द्यायची, हा नियमही हेतू विचारत नाही, एवढंच तिने सांगितलं. या ठिकाणी अंपायरला सबुरी दाखवता आली असती, असं लीगने व्हाइट सॉक्सला कळवल्याच्या बातम्या नंतर आल्या.

"व्हॉन बेसवर उभा असता तर?" मामांनी विचारलं.

"तर त्याला बाद देता आलं नसतं. कायदेशीर आपल्या असलेल्या बेसला चिकटून उभा असलेला रनर फिल्डरच्या आड आला, तरी मुद्दाम केल्याशिवाय तो बाद नाही."

"आणि बेसवरच उभा असताना चेंडू अंगाला लागला तर?"

"बाद." भाची क्षणभर थांबली. "इनफिल्ड फ्लाय असेल तर नाही. एरवी बाद."

"म्हणजे अख्खा माणूस फिल्डरच्या आड आला तर चालतं, चेंडू नखाला लागला तर चालत नाही."

भाचीने प्रयत्न केला. इनफिल्ड फ्लायमध्ये फटका मारणारा आधीच बाद असतो, बचाव करणाऱ्यांचं काही बुडत नाही, म्हणून तिथे बेसचा आसरा मिळतो. साध्या टोल्यात त्यांचं बुडतं. तर्क बरोबर आहे, पण अपुरा. बेसवर ठाण मांडलेला रनर क्षेत्ररक्षकाच्या आड येतो तेव्हाही त्यांचं बुडतंच, आणि तिथे नियम त्याला माफ करतो. बेस सोडून धावणारा रनर स्वतः वाट निवडतो आणि धोका पत्करतो, म्हणून त्याला हेतू न विचारता बाद देणं योग्य. बेसवर उभ्या असलेल्याने काहीही निवडलेलं नसतं. तो नियमाने सांगितलेल्या जागी असतो, आणि ती जागा क्षेत्ररक्षकाला चेंडू येण्याआधीपासून माहीत असते.

वादाचा निकाल द्यायचाच तर धावणाऱ्या रनरपुरता तो भाचीच्या बाजूने लागतो आणि बेसवर उभ्या असलेल्यापुरता मामांच्या. ही दुरुस्ती करायला मेजर लीगला नवं कलम लिहावं लागणार नाही. इनफिल्ड फ्लायसाठी छापलेला बेसचा अपवाद सगळ्या टोल्यांना लागू करावा, आणि मुद्दाम आड येणाऱ्याला १९५७ पासून असलेली शिक्षा तशीच ठेवावी.